फॉरमॅटच्या आधी

संगणक दुरुस्तीच्या धंद्यात सगळ्यांत जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘फॉरमॅट मारून देतो’. विंडोज लोगोवर अडकतं, निळा स्क्रीन येतो, पासवर्ड घेत नाही, व्हायरस शिरलाय, मशीन हळू चालतं. तक्रार कोणतीही असो, उपाय एकच. तासा-दोन तासांत नवं विंडोज टाकून मशीन परत करायचं आणि पुढचं हातात घ्यायचं. मी सांगलीत बरीच वर्षं हे काम करते आहे. या वर्षांत माझं एक मत पक्कं होत गेलं: बंद पडलेल्या मशीनला पहिला हात फॉरमॅटचा लागता कामा नये. आधी ते बाहेरच्या ड्राइव्हवरून सुरू करावं, आतल्या डिस्कमध्ये काय शिल्लक आहे ते बघावं, हवं ते काढून घ्यावं. फॉरमॅट करायचा की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

बाहेरच्या ड्राइव्हवरून सुरू करणं म्हणजे काय, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावून सांगते. आपल्या मशीनचं काय चाललंय हे कळण्याचा त्यांना हक्क आहे. बटण दाबल्याबरोबर विंडोज सुरू होत नाही. त्याआधी मदरबोर्डवरच्या एका चिपमधला छोटा प्रोग्राम चालू होतो. रॅम, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का हे तो तपासतो आणि ऑपरेटिंग सिस्टिम कोणत्या डिस्कवर आहे ते शोधू लागतो. जुन्या मशीनमध्ये या प्रोग्रामला बायोस म्हणतात. बायोस डिस्कवरचे पहिले ५१२ बाइट वाचतो, त्यांतल्या शेवटच्या दोन बाइटांत ठरलेली खूण आहे का ते पाहतो आणि खूण जुळली की तिथल्या सूचना चालवतो. अलीकडच्या मशीनमध्ये यूईएफआय असतं. ते डिस्कवरचा एफएटी-३२ पद्धतीचा छोटा विभाग उघडतं आणि त्यातली ठरलेल्या नावाची फाइल चालवतं. डिस्क कॅबिनेटच्या आत स्क्रूने बसवली आहे की यूएसबीच्या वायरीने बाहेरून जोडली आहे, याने दोघांनाही फारसा फरक पडत नाही. मशीन सुरू होताना कुठे एफ-१२, कुठे एफ-९, कुठे एस्केप दाबलं की एक यादी येते. त्यातून पेनड्राइव्ह निवडला की थोड्याच वेळात लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा पूर्ण डेस्कटॉप समोर येतो. तो पेनड्राइव्हवरून वाचला जातो, रॅममध्ये चालतो आणि आपण सांगितल्याशिवाय आतल्या विंडोजच्या डिस्कवर एक अक्षरही लिहीत नाही. माझं सगळं काम या शेवटच्या गोष्टीवर उभं आहे.

ही युक्ती जुनी आहे. १९८१ सालचा आयबीएमचा पीसी फ्लॉपीवरून सुरू व्हायचा. पुढे हार्डडिस्क सर्रास झाली, तरी दुरुस्ती करणाऱ्यांच्या खिशात १.४४ एमबीची बूट फ्लॉपी असायचीच. २००० साली क्लाउस क्नॉपर या जर्मन अभियंत्याने ‘क्नॉपिक्स’ हे लिनक्स आणलं. ७०० एमबीच्या एका सीडीवर जवळपास दोन जीबीचं सॉफ्टवेअर दाबून बसवलेलं; सीडी घातली की थेट डेस्कटॉप. मी काम शिकत होते तेव्हा उबुंटू लिनक्सच्या सीडी मागणी केली की पोस्टाने फुकट घरी यायच्या. २०११ पर्यंत ती सोय होती आणि माझी पहिली सीडी तशीच आलेली. आता ‘व्हेंटॉय’ टाकलेला एक पेनड्राइव्ह माझ्या पिशवीत असतो. त्यावर वेगवेगळ्या सिस्टिमच्या आयएसओ फाइल नुसत्या कॉपी करून ठेवायच्या आणि सुरू करताना हवी ती निवडायची.

सांगली हळदीची पेठ. इथल्या अडत दुकानांत मार्च महिन्यात मशीन बंद पडणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. एका मार्चअखेरीस असंच एक मशीन माझ्याकडे आलं. विंडोज सुरू व्हायला लागायचं, गोल फिरत राहायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. आधी ज्याला दाखवलं होतं त्याने सांगितलेलं, डी ड्राइव्ह सुरक्षित आहे, सी फॉरमॅट करून देतो. मालकांनी मला एवढंच विचारलं, ‘ताई, टॅली डीमध्येच असतं ना?’

बहुतेक वेळा नसतं. टॅली म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर. जुन्या टॅलीचा डेटा सी ड्राइव्हमध्ये टॅलीच्याच फोल्डरात पडलेला असतो, नव्या टॅलीचा सी ड्राइव्हच्याच ‘पब्लिक’ फोल्डरात. आत कंपनीचं नाव दिसत नाही. नुसत्या आकड्यांच्या नावाची फोल्डरं दिसतात. ज्याला माहीत नाही त्याला तो कचरा वाटतो. मी पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, आतली डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडली आणि ती फोल्डरं मालकांसमोर दुसऱ्या डिस्कवर उतरवली. मग माझ्या मशीनवर टॅलीत उघडून त्यांना शेवटची नोंद दाखवली. त्यांनी ती तारखेसह ओळखली, तेव्हाच मी पुढचं काम सुरू केलं. डिस्क चांगली होती, विंडोजचा अपडेट अर्ध्यात तुटला होता. त्या मशीनला शेवटी फॉरमॅट करावाच लागला. पण तोपर्यंत त्यात हरवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बॅकअप घेतला असं म्हणणारे पुष्कळ जण डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही दोन फोल्डरं घेतात. लोकांची पोटं मात्र तिसऱ्याच जागी असतात. छपाईवाल्यांचं उदाहरण घ्या. लग्नपत्रिका, अहवाल, स्मरणिका करणारे आमच्याकडचे डीटीपीवाले अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टवर काम करतात. त्या फायलींमधलं मराठी युनिकोडमधलं नसतं. त्यातली अक्षरं त्या त्या फॉन्टच्या भरवशावर मराठी दिसतात. फॉन्ट नसेल तर तीच फाइल इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची गिचमीड होते. लिनक्समध्ये अशी फाइल उघडून दाखवली की गिऱ्हाईक घाबरतं, सगळं बिघडलं म्हणतं. काही बिघडलेलं नसतं. म्हणून डीटीपीच्या मशीनमधून मी कामाच्या फायलींबरोबर विंडोजचं फॉन्टचं फोल्डरही उचलते. नवं विंडोज टाकल्यावर हे फॉन्ट परत मिळत नाहीत, आणि जुन्या फॉन्टची सीडी बहुतेकांकडे आता नसते.

याहून नाजूक प्रसंग असतो तो खराब होत चाललेल्या डिस्कचा. हार्डडिस्क टकटक आवाज करते, फोल्डर उघडायला मिनिट घेते, मध्येच दिसेनाशी होते. अशा डिस्कवरून विंडोज पुन्हा पुन्हा सुरू करून बघणं म्हणजे छातीत कळ आलेल्या माणसाला जिने चढायला लावणं. विंडोज सुरू होताना शेकडो फायली वाचतं, तितक्याच उत्साहाने लिहितं, अपडेट शोधतं. काही चुकलं असं वाटलं तर स्वतःहून डिस्क तपासायला घेतं. त्या तपासणीत न वाचता येणाऱ्या जागा पुन्हा पुन्हा खरवडल्या जातात आणि फायलींचे तुकडे होतात. गिऱ्हाईक दहा वेळा बंद-चालू करून आलेलं असतं. त्या दहा वेळांतच पुष्कळ नुकसान झालेलं असतं.

बाहेरून सुरू केलं की डिस्कवरचा हा ताण उतरतो. मी आधी डिस्कची स्वतःची नोंदवही वाचते. स्मार्ट नावाची ही व्यवस्था जवळपास प्रत्येक डिस्कमध्ये असते. किती खराब जागा बदलून घेतल्या, किती जागा वाचता येत नाहीत म्हणून थांबून आहेत, हे त्यात आकड्यांनी दिसतं. आकडे वाईट असतील तर एकही फोल्डर न उघडता सगळी डिस्क दुसऱ्या डिस्कवर उतरवायला घेते. त्यासाठी ‘डीडीरेस्क्यू’ हा प्रोग्राम मी वापरते. त्याची रीत मला फार शहाणपणाची वाटते. जिथे अडचण येते तिथे तो डोकं आपटत बसत नाही. ती जागा सोडून पुढे जातो, जे सहज मिळतंय ते आधी गोळा करतो आणि अवघड जागांकडे शेवटी वळतो. कुठे काय मिळालं, काय राहिलं याची नोंद तो वेगळ्या फायलीत ठेवतो, म्हणून मध्ये वीज गेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. एकदा नक्कल हाती आली की मूळ डिस्क काढून बाजूला ठेवायची आणि पुढची सगळी शोधाशोध नकलेवर करायची. डिस्कच्या आतला भाग मोडला असेल तर हेही चालत नाही. अशी डिस्क मी उघडत नाही, स्वच्छ खोली असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवायला सांगते. आपल्या हातून काय होणार नाही हे वेळेवर सांगणं हाही कामाचाच भाग आहे.

आता ज्या गोष्टीबद्दल आमच्या धंद्यात कमी बोललं जातं, ती सांगते. मशीन बाहेरून सुरू केलं की विंडोजचा पासवर्ड कुणी विचारत नाही. तो पासवर्ड विंडोजच्या दारावरचा आहे आणि विंडोज तर सुरूच झालेलं नसतं. डिस्कवर जे काही आहे ते उघडं असतं: फोटो, पत्रं, बँकेची स्टेटमेंट, आजारपणाचे रिपोर्ट. एखादी बाई लॅपटॉप ठेवून जाते तेव्हा ती आपलं सगळं घर आमच्या टेबलावर ठेवून जाते आणि तिला ते माहीतही नसतं. म्हणून माझा नियम आहे की शक्य असेल तर गिऱ्हाइकाला शेजारी बसवायचं, त्याने सांगितलेलीच फोल्डरं घ्यायची, नक्कल त्याच्याच डिस्कवर द्यायची आणि माझ्याकडची प्रत त्याच्यासमोर पुसायची. कुणाला हे दिखाऊ वाटेल. मला ते आवश्यक वाटतं, कारण या कामात दुसरी कुठलीही कडी-कुलपं नाहीत. टेक्निशियनची नीती एवढंच कुलूप असतं.

खरं कुलूप म्हणजे एन्क्रिप्शन, चावीशिवाय डिस्क वाचताच येऊ नये अशी व्यवस्था. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज सुरुवातीलाच मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. पीएचडी करणाऱ्या एका मुलीचा लॅपटॉप आला होता. बाहेरून सुरू केला तर आतली डिस्क दिसत होती, उघडत नव्हती. बिटलॉकर या विंडोजच्या एन्क्रिप्शनची ४८ आकडी चावी हवी होती. तिला अशी काही चावी आहे हेच ठाऊक नव्हतं. मायक्रोसॉफ्टचं खातं कोणत्या ईमेलवर उघडलं होतं ते आठवायला तिला दोन दिवस लागले. चावी त्या खात्यात नोंदलेली होती आणि प्रबंध सापडला. खातं आठवलं नसतं तर त्या डिस्कपुढे मी काहीच करू शकले नसते, आणि कुणीच करू शकलं नसतं. एन्क्रिप्शन वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. लॅपटॉप चोरीला गेला तर तेवढाच एक आधार असतो. पण चावी कागदावर उतरवून घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवा, असं मी आता प्रत्येकाला सांगते. आणखी एक गोष्ट इथे जोडलेली आहे. काही पेनड्राइव्ह चालवण्यासाठी यूईएफआयमधलं, अनोळखी प्रोग्राम सुरू होऊ न देणारं सिक्युअर बूट बंद करावं लागतं. ते बंद केलं की बिटलॉकरला शंका येते आणि पुढच्या वेळी विंडोज सुरू होताना तीच ४८ आकडी चावी मागतं. म्हणून सेटिंगला हात लावायच्या आधी चावी हातात आहे ना, हे बघावं.

पेनड्राइव्हवरून तात्पुरतं सुरू करणं वेगळं आणि बाहेरच्या एसएसडीवर पूर्ण सिस्टिम कायमची बसवणं वेगळं. कॉलेजची मुलं हे दुसरं काम हौसेने करतात आणि मग घाबरून येतात. मुलाने बाहेरच्या डिस्कवर लिनक्स बसवलेलं असतं, वायर काढलेली असते आणि आता लॅपटॉपमधलं विंडोजही सुरू होत नसतं. काळ्या स्क्रीनवर ‘ग्रब’ एवढं दिसत असतं. कारण बहुधा एकच. सिस्टिम बाहेरच्या डिस्कवर गेली, पण तिला सुरू करणारा छोटा प्रोग्राम इन्स्टॉलरने आतल्या डिस्कवर ठेवला. वायर निघाली, तो प्रोग्राम आपल्या बाकीच्या फायली शोधत राहिला. विंडोज जागेवरच असतं. बूट मेन्यूत जाऊन विंडोजची नोंद निवडली की बहुतेक वेळा ते सुरू होतं आणि मग क्रम नीट लावून देता येतो. खबरदारी सोपी आहे. बसवताना आतली डिस्क शक्य असेल तर काढून ठेवायची. नाहीतर बाहेरच्या डिस्कवर स्वतंत्र एफएटी-३२ विभाग करून सुरू करणारा प्रोग्राम तिथेच ठेवायचा. मग ती डिस्क कोणत्याही मशीनला लावा, ती स्वतःच्या पायावर सुरू होते.

वीज हीसुद्धा अशीच दुर्लक्षित बाब आहे. यूएसबी २.० चं पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतं, ३.० चं ९००. फिरणारी अडीच इंची हार्डडिस्क सुरू होताना त्याहून जास्त ओढू शकते. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टची आतली वायर लांब आणि पुष्कळदा हलकी असते. अर्ध्यावर येऊन थांबणारी सिस्टिम मागच्या पोर्टला लावली की सुरळीत चालते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की सॉफ्टवेअरला दोष द्यायच्या आधी मी पोर्ट बदलते.

तासगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेने संगणक खोली भंगारात काढायचं ठरवलं होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था लागते आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर त्याच्या यादीत नाहीत. त्यामुळे चांगली चालणारी मशीनंसुद्धा लोकांना रद्दी वाटू लागली आहेत. मुख्याध्यापकांना मी म्हटलं, ‘सर, भंगारवाल्याला बोलवायच्या आधी एक दिवस मला द्या.’ प्रत्येक मशीन पेनड्राइव्हवरून सुरू केलं. कुणाची रॅम गेली होती, कुणाची फक्त डिस्क, बऱ्याच मशीनला काहीही झालेलं नव्हतं. आतल्या विंडोजच्या भरवशावर राहिले असते तर हे कळलं नसतं, कारण तिथे बिघाड यंत्राचा की सिस्टिमचा हे वेगळं करता येत नाही. ज्यांच्या डिस्क गेल्या होत्या त्यांत छोट्या एसएसडी बसवल्या, हलकं लिनक्स टाकलं. ज्यांच्या मदरबोर्डवरचे डिस्कचे पोर्टच खराब होते, ती बाहेरून लावलेल्या एसएसडीवर चालतात. यूएसबी २.० वर ती थोडी सावकाश सुरू होतात, पण एकदा सुरू झाली की मुलं त्यांवर मराठी टायपिंग करतात, चित्रं काढतात. सरकारी पैशातून घेतलेली मशीनं न बघता फेकली जाणं मला पटत नाही.

आणि हे फक्त छोट्या गावातल्या, जुन्या मशीनच्या लोकांचं काम आहे असं कुणी समजू नये. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली. विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहायची वेळ आली. मशीन सुरूच होत नसल्यामुळे त्यांतल्या असंख्य मशीनपाशी माणसाला स्वतः जावं लागलं आणि मायक्रोसॉफ्टने काय दिलं, तर यूएसबीवरून सुरू करून ती सदोष फाइल काढण्याचं साधन. जगातल्या मोठ्यात मोठ्या कंपन्यांनाही त्या वेळी पेनड्राइव्ह हातात घ्यावा लागला. फॉरमॅटची गरज नव्हती. आतली एक फाइल काढायची होती आणि ती काढण्यासाठी बाहेरून आत जाण्याचा रस्ता हवा होता.

वाचकांना माझं सांगणं मोजकं आहे. मशीन चांगलं चालत असतानाच एक पेनड्राइव्ह बूट करण्याजोगा करून ठेवा आणि तो आपल्या मशीनवर चालतो ना, हे एकदा बघा. बिटलॉकरची चावी लिहून ठेवा. आठवड्यातून एकदा बॅकअप घ्या आणि त्यात तुमचं पोट ज्यावर आहे ते फोल्डर नक्की आहे याची खात्री करा. डिस्क आवाज करत असेल तर बंद-चालू करत बसू नका, मशीन तसंच बंद ठेवून आणा. आणि दुरुस्तीला दिल्यावर समोरच्याने ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हटलं, तर त्याला आधी विचारा, ‘बाहेरून सुरू करून बघितलंत का?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर मशीन उचलून घरी घेऊन जा.